तिसऱ्या वर्गातली गाडी

माझ्या टेबलावर अडीच इंच लांबीची एक मोटार आहे. अंग काळे, टप पिवळा. टपावर तपकिरी प्लॅस्टिकचा सामानाचा ढीग. पुढच्या काचेच्या डाव्या बाजूला टाचणीच्या तुकड्यावर बसवलेला एक चौकोनी ठिपका आहे. तो टॅक्सीचा मीटर. गाडी उलटी केली की तळपट्टीवरची इंग्रजी अक्षरे अजून वाचता येतात : मॅचबॉक्स, लेस्नी, इंग्लंड, फिएट १५००, क्रमांक ५६.

बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाने ही गाडी १९६९ साली माझ्या थोरल्या भावासाठी आणली. माझा जन्म त्यानंतरचा. मी नऊ वर्षांचा असताना अण्णाने, म्हणजे त्याच भावाने, ती माझ्यासाठी टॅक्सी करून दिली. तो तेव्हा कुर्ल्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उमेदवारी करत होता. अण्णाला जाऊन आता सहा वर्षे झाली.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकांना ही गाडी दाखवली. त्यांनी भिंगातून तळ पाहिला, मग अंग पाहिले, आणि हळहळले. म्हणाले, “अहो, ही तर कोड थ्री झाली. पण तुम्ही रंग काढून बघा. खाली लाल निघाली तर गोष्ट वेगळी आहे.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. लेस्नीची फिएट १५०० बाजारात आली ती १९६५ मध्ये, आणि बहुतेक सगळ्या गाड्या हिरवट रंगाच्या होत्या. लाल रंगाची गाडी फक्त भेटसंचातून निघाली, म्हणून ती दुर्मीळ. अण्णाच्या काळ्या रंगाखाली कोणता रंग आहे यावर तिची किंमत ठरणार होती, आणि किंमत ठरवण्यासाठी अण्णाचे काम पुसून टाकावे लागणार होते.

त्या एका वाक्यावर वर्षभर विचार केला. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि स्वतःच्या हाताने करून पाहिले, ते इथे मांडतो.

आधी हे ‘कोड’ प्रकरण. ओतीव धातूच्या छोट्या मोटारी जमवणाऱ्यांमध्ये, विशेषतः ब्रिटनमध्ये, एक वर्गवारी रूढ आहे. कारखान्यातून जशी निघाली तशीच असलेली गाडी पहिल्या वर्गातली, कोड वन. कारखान्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी रंग, नाव किंवा जाहिरात बदललेली गाडी कोड टू. आणि परवानगी न घेता कुणी घरी, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बदललेली गाडी कोड थ्री. रेल्वेने तिसरा वर्ग कधीच बंद केला. संग्राहकांनी तो चालू ठेवला आहे.

या वर्गवारीत कामाच्या गुणवत्तेला कुठेच जागा नाही, हे पहिल्या वाचनात लक्षात येत नाही. कोड टू म्हणजे थ्रीपेक्षा चांगले काम असा तिचा अर्थ नाही. परवानगी होती की नव्हती, एवढेच ती विचारते. बाजारासाठी तो प्रश्न रास्त आहे. पण तोच प्रश्न संग्राहकांच्या बोलण्यात सौंदर्याचा निकष होऊन बसला आहे. “बदललेली आहे” एवढे कळले की पुढे कुणी पाहतच नाही. काय बदलले, का बदलले, बदलताना काय गमावले, हे प्रश्न उरत नाहीत.

मराठी वाचकाला ही वर्गवारी विचित्र वाटायला हवी. आपली रंगभूमी रूपांतरांवर वाढली. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. पहिले ‘हॅम्लेट’, दुसरे ‘ऑथेल्लो’. पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलिअन’ची ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आणली. या नाटकांबद्दल आपण बोलतो तेव्हा परवानगीच्या पत्राची चौकशी करत नाही. शॉच्या नाटकातला लंडनमधल्या बोलींचा वर्गभेद मराठीच्या कोणत्या बोलींवर येऊन बसला, तो तिथे नीट बसला का, बसवताना काय सोडावे लागले, हे विचारतो. याला आपण समीक्षा म्हणतो. नाटकाला जे मिळते ते अडीच इंचाच्या गाडीला मिळू नये, याला मला तरी कारण दिसत नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. नाटकाचे रूपांतर केले तरी मूळ नाटक शाबूत राहते; गाडीचे रूपांतर केले की ती एक मूळ गाडी कायमची जाते. हे खरे आहे आणि त्याकडे पुढे यावे लागेल. पण त्याआधी ‘मूळ’ म्हणजे काय ते पाहू.

मूळ म्हणजे तुरीनची फिएट १५००, जी १९६१ मध्ये आली, चार दिव्यांची, चौकोनी बांध्याची. लेस्नीच्या लंडनमधल्या कारखान्यात तिची प्रतिकृती झाली ती साधारण १:६४ या मापात. आता एक साधा हिशेब करा. खऱ्या गाडीचे दार आणि अंग यांच्यातली फट समजा पाच मिलिमीटर. चौसष्टाने भागली तर ०.०८ मिलिमीटर येते. एवढी बारीक रेघ साच्यात कोरली तरी रंगाच्या पहिल्या हातातच ती बुजून जाईल. म्हणून प्रत्येक कारखाना दाराची रेघ कित्येक पट रुंद कोरतो. काचेमधला खांब खरा पाच सेंटिमीटरचा असेल तर मापाप्रमाणे ०.८ मिलिमीटर हवा, पण वितळलेले जस्त साच्यात इतक्या अरुंद वाटेने धडपणे वाहत नाही, म्हणून खांब जाड होतो. आणि ओतीव वस्तू साच्यातून सुटून यायची तर तिच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. खऱ्या गाडीची जी बाजू सरळ उभी असते ती छोट्या गाडीत आत झुकते. रंगाचे तर विचारूच नका. खऱ्या मोटारीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. छोट्या गाडीवर तेवढाच दिला, तर मापाने तो ६.४ मिलिमीटर जाड झाला. म्हणजे मोटारीवर बोटभर जाडीच्या गिलाव्याच्या जवळपास.

तेव्हा ज्याला आपण मूळ म्हणतो, ते स्वतःच एक रूपांतर आहे, आणि त्याच्या रूपांतरकाराला धातूने, साच्याने, यंत्राच्या वेगाने आणि पोराच्या खिशाने घालून दिलेल्या अटी पाळाव्या लागल्या. घरी बसून कानस चालवणाऱ्या माणसाला यातल्या बऱ्याच अटी लागू नाहीत. त्याला साच्यातून गाडी सोडवायची नसते. तो खांब बारीक करू शकतो, दाराची रेघ पुन्हा धारदार करू शकतो, उतार घासून काढू शकतो. कारखान्याला जे परवडत नाही ते त्याच्या हाताला परवडते. त्याचा वेळ कुणी मोजत नसतो.

आता प्रत्यक्ष काम. हे मी ठाण्यातल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनकडे पाच-सहा रविवार बसून पाहिले आणि मग घरी स्वतः करून बिघडवले.

या गाड्यांचा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. इंग्लंडमध्ये त्याला मॅझॅक म्हणत. झॅमॅक हे त्याचे दुसरे नाव, जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांतली अक्षरे जुळवून झालेले. ॲल्युमिनियम साधारण चार टक्के, बाकी जवळजवळ सगळे जस्तच. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने हा धातू आणला. यात शिशाचा अंश चुकून मिसळला तर काही वर्षांनी धातू आतून तडकतो, फुगतो आणि भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी सुंदर गाड्या अशा कपाटात बसल्या बसल्या मेल्या. तेव्हा ‘जशी आहे तशी ठेवा’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की धातू त्यांचे ऐकतोच असे नाही.

अंग आणि तळपट्टी यांना जोडणारे दोन खुंट अंगाबरोबरच ओतलेले असतात. तळपट्टी त्यांच्यावर बसवून त्यांची टोके पसरवतात, म्हणजे रिव्हेट होतो. गाडी उघडायची तर हे पसरलेले डोके ड्रिलने उडवायचे, फक्त डोके, खुंट नाही. नवशिक्याचा हात इथे पहिल्यांदा चुकतो. मग खुंटात १.६ मिलिमीटरचे भोक पाडायचे, दोन मिलिमीटरचा टॅप फिरवायचा, तोही थेंबभर तेल टाकून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. जस्त मऊ असते, पण चिकटही असते. घाई केली की टॅप आत मोडतो आणि गाडी कायमची तशीच राहते. एवढे झाले की गाडी स्क्रूने कितीदाही उघडता-मिटता येते.

रंग काढण्यासाठी मी पहिल्यांदा कॉस्टिक सोडा वापरला. भांडी-बाटल्यांना चालतो तर इथे का नाही, असे वाटले. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले तेव्हा रंग निघतोय म्हणून मी खूश झालो. निघत होते ते जस्त. अल्कलीत जस्त विरघळते आणि हायड्रोजन सुटतो, हे नववीच्या पुस्तकात होते. वीस मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा त्या बिचाऱ्या गाडीला देवी आल्यासारखे व्रण पडले होते. त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पेंट रिमूव्हर आणि जुना टूथब्रश, तेही खिडकी उघडी ठेवून.

मग कानस, पॉलिश पेपर, पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. धातू गुळगुळीत असल्याने प्रायमरशिवाय रंग धरत नाही. आणि काळीपिवळी करायची तर क्रम महत्त्वाचा : पांढऱ्या प्रायमरवर आधी पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर टपाला मास्किंग टेप, आणि मग काळा. पिवळा रंग झाकणारा नसतो. काळ्यावर तो दिला तर हिरवट, शेवाळल्यासारखा दिसतो.

अण्णाने नेमके तेच केले आहे. आधी सगळी गाडी काळी, मग ब्रशने टप पिवळा. टपाचा पिवळा कडेला हिरवट आहे. संग्राहकांनी तो हिरवेपणा पाहून “खाली हिरवी असावी” असा कयास केला होता. तो खालच्या रंगाचा पुरावा नव्हता, अण्णाची चूक होती.

रूपांतराची समीक्षा करायची तर वाईट रूपांतर कोणते हेही सांगता आले पाहिजे. दोन उदाहरणे देतो.

एका प्रदर्शनात मी मुंबईची काळीपिवळी पाहिली. रंग आरशासारखा. नंबरप्लेटवरचे अक्षर न् अक्षर भिंगाखाली वाचता येत होते. दारावरचे टॅक्सीचे चिन्ह तर छापील डेकलच्या कामाचा धडा म्हणून दाखवावे असे. पण खालचा साचा होता एका लांबलचक मर्सिडीजचा. टपाची रेघ, बॉनेटची लांबी, मागच्या काचेचा कल, सगळे तसेच ठेवले होते. ज्याने ते केले त्याला रंगाची माया होती, पण गाडीकडे त्याने पाहिले नव्हते. देस्डेमोनाला कमळजा म्हटले आणि बाकी व्हेनिस जसेच्या तसे ठेवले, असे ते काम. लोक त्याच टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत होते.

दुसरे उदाहरण ठाण्याच्या त्या ड्राफ्ट्समनचे. त्यांनी १:४३ मापाचा एक जुन्या धर्तीचा जर्मन मर्सिडीज ट्रक घेतला आणि त्याचा टाटाचा ट्रक केला. इथे इतिहास त्यांच्या बाजूने होता. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. १९६९ पर्यंत आपल्या रस्त्यांवरचे टाटाचे ट्रक मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा मिरवत धावत होते. करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. म्हणजे जे रूपांतर जमशेदपुरात खरोखर झाले, तेच त्यांनी टेबलावर पुन्हा केले. पण तारा काढून ‘टी’ लावणे हा त्यातला सोपा भाग. जर्मन ट्रकचे स्टिअरिंग डावीकडे असते. त्यांनी केबिन उघडून डॅशबोर्ड कापला, उलटा केला आणि स्टिअरिंग उजवीकडे आणले. मागचा हौदा फेकून देऊन आईस्क्रीमच्या काड्या चिरून फळ्यांचा हौदा बांधला, त्याला साखळ्या लावल्या. मी म्हटले, “काका, केबिन बंद केल्यावर स्टिअरिंग कुणाला दिसणार?” ते म्हणाले, “ड्रायव्हरला.”

मी हे उत्तर विनोद म्हणून वहीत लिहून घेतले होते. नंतर वाचताना वाटले की मर्सिडीजवाल्या टॅक्सीत कुणाला बसवायचेच नव्हते, आणि फरक तिथे होता.

इथे लेव्ही-स्ट्रॉसची आठवण येते. मी त्याचे १९६२ चे पुस्तक इंग्रजी भाषांतरातून, ग्रंथालयात, शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. पदवीचा आधार नसलेल्या माणसाचे वाचन असेच असते. त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात दोन प्रसिद्ध कल्पना आहेत. एक, हाताशी असलेल्या, आधी कशासाठी तरी वापरून झालेल्या वस्तूंतून नवी वस्तू जुळवणाऱ्या माणसाची. तो त्याला ब्रिकोलर म्हणतो. दुसरी, लहान प्रतिकृतीची. तो म्हणतो की एरवी आपण वस्तू तिच्या भागांपासून समजून घेतो, प्रतिकृतीत मात्र आधी संपूर्ण वस्तू नजरेत मावते. आणि प्रतिकृती हाताने केलेली असल्याने पाहणाऱ्याला तीत केलेल्या निवडी दिसतात, न केलेल्याही जाणवतात. या दोन कल्पना एकाच प्रकरणात असूनही त्यांच्यावर लिहिणारे बहुधा त्या वेगवेगळ्या घेतात. गाडी बदलणारा माणूस त्या एकत्र आणतो. त्याच्या हाताशी असलेली वापरून झालेली वस्तू हीच मुळी एक प्रतिकृती असते.

बार्थचेही नाव घ्यायला हवे, कारण या विषयावर लिहिणारे त्याच्याकडे जातातच. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये खेळण्यांवर त्याचे एक छोटे टिपण आहे. फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची तयार लघुरूपे, ती मुलाला मालक आणि वापरणारा बनवतात, निर्माता बनू देत नाहीत, अशी त्याची तक्रार. टिपण सुंदर आहे, पण मला ते अर्धे वाटते. बार्थने खेळणे दुकानातून आणल्याच्या दिवशी पाहिले. दहा वर्षांनी, रंग उडाल्यावर, एक चाक गेल्यावर, धाकट्या भावाच्या हाती आल्यावर पाहिले असते, तर तयार वस्तूही निर्मितीचा कच्चा माल होते हे त्याला दिसले असते.

आता या प्रकरणातला सगळ्यात मोठा विरोधाभास. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. पहिल्या वर्षी सोळा गाड्या, आणि त्यातल्या दहांच्या नावात ‘कस्टम’ हा शब्द : कस्टम कॅमॅरो, कस्टम मस्टँग, कस्टम फोक्सवॅगन वगैरे. कस्टम म्हणजे एका माणसाने एका गाडीवर स्वतःच्या मर्जीने केलेले काम. कॅलिफोर्नियात युद्धानंतर तरुण पोरे जुन्या मोटारी घेऊन त्यांचे टप चार-पाच इंच खाली उतरवत, रंगाचे थर चढवत. टॉम वुल्फने १९६३ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लिहिले आणि जॉर्ज बॅरिससारख्या गॅरेजवाल्याला कलावंत म्हणून वागवले. त्याच लेखाच्या नावावरून त्याच्या १९६५ च्या पहिल्या पुस्तकाचे नाव आले. मॅटेलने या चळवळीतलाच माणूस उचलला. हॅरी ब्रॅडली हा जनरल मोटर्समधला अभिकल्पक, ‘डिओरा’ या गाजलेल्या कस्टम गाडीची कल्पना त्याची. पॉलिश केलेल्या जस्तावर पारदर्शक रंग देऊन मॅटेलने त्या गॅरेजांतल्या खडीसाखरेसारख्या रंगाची नक्कलही साधली. फोक्सवॅगनचे इंजिन तर उचलून पुढे बसवले.

ते काम देखणे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण लाखोंच्या संख्येने निघालेली, हुबेहूब एकसारखी ‘कस्टम’ गाडी आज न उघडलेल्या वेष्टनात असेल तर ती पहिल्या वर्गात बसते. आणि कुणी पोराने त्याच गाडीवर खरोखर स्वतःचे काही केले असेल तर ती तिसऱ्या वर्गात जाते. शब्द कारखान्याने घेतला आणि कृती बेकायदा ठरली.

आपल्याकडची एक गोष्ट या वर्गवारीला आणखी अडचणीत टाकते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्यांचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ निघाल्या. जग्वार, एम.जी.बी. वगैरे. साचा तोच, ओतकाम जरा भरड, रंग जाड. काही गाड्यांच्या तळपट्टीवरचे डिंकी हे नाव साच्यातच खोडून निकी केलेले दिसते, आणि ते खोडणे लपवायचा फारसा प्रयत्नही नाही. हे रूपांतर गाडीवर नाही, थेट साच्यावर झाले. व्यवहार रीतसर, म्हणून ती पहिल्या वर्गातली. पण भिंगातून ते खोडलेले अक्षर पाहताना मला नेहमी कुणा फिटरचा हात दिसतो, अण्णासारखाच, कुठल्याशा टूलरूममध्ये छिन्नी धरलेला.

मघाशी बाजूला ठेवलेल्या आक्षेपाकडे येतो. मूळ गाडी कायमची जाते. जाते खरी, आणि म्हणून काही गाड्यांना हात लावू नये या मताचा मीही आहे. ज्या गाडीचे थोडेच नमुने उरलेत तिच्यावर कानस चालवणे हे पोथीच्या कोऱ्या समासात हिशेब लिहिण्यासारखे आहे. (आपल्या पूर्वजांनी तेही केले, आणि आज आपण ते हिशेब वाचतो, पण तो वेगळा विषय.) दुसरा धोका फसवणुकीचा. जुन्या गाडीला नवा रंग, नवी चाके, आणि “कारखान्यातून अशीच आली” म्हणून विक्री, हे सर्रास चालते. ठाण्याचे काका प्रत्येक गाडीच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आद्याक्षरे कोरतात, ते यासाठीच. रूपांतरकाराने नाव लावावे, ही अट मराठी रंगभूमीने घातली होती. इथेही ती पुरेशी आहे असे मला वाटते.

आता अण्णाची फिएट. हौशी म्हणून नाही, भाऊ म्हणूनही नाही, समीक्षक म्हणून तिच्याकडे पाहायचा प्रयत्न करतो.

रंगकाम सुमार आहे. ऑइल पेंट ब्रशने दिला, दाराच्या रेघा बुजल्या, पिवळा हिरवट झाला. चाके बदललेली नाहीत. नंबरप्लेटवर आकडे नाहीत, नुसता पांढरा पट्टा. हे सगळे तिच्या विरोधात.

पण १९७९ मध्ये मुंबईची टॅक्सी म्हणजे प्रीमियरची फिएट ११००, म्हणजे पद्मिनी. तिचा कारखाना आमच्या कुर्ल्यातच होता. तिला दिवे दोन. फिएट १५०० ला चार. अण्णाने दोन्ही बाजूंचे आतले दिवे सुईकानशीने घासून सपाट केले आहेत आणि त्या जागी जाळीच्या आडव्या रेघा पुन्हा कोरल्या आहेत. मी भिंगाखाली मोजल्या : डावीकडे पाच, उजवीकडे पाच, बाहेरच्या मूळ रेघांशी जुळणाऱ्या. एका बाजूची एकूण रुंदी तीन मिलिमीटरही नाही. मीटर डाव्या बाजूला, बाहेर, जिथे तो असे तिथेच आहे. आणि टपावरचे ते सामान! लेस्नीने ते बसवले तेव्हा त्यांच्या मनात युरोपातली सुट्टी असणार. अण्णाने त्याला हात लावला नाही. पिवळ्या टपावर ते तसेच राहिले आणि मे महिन्यात गावाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची व्ही.टी.कडे निघालेली टॅक्सी झाली. एकच गोष्ट न बदलल्याने तिचा अर्थ बदलावा, हे मी चांगल्या भाषांतरांत पाहिले आहे. ते ठरवून झाले की आळसाने, हे विचारायला अण्णा नाही.

मुंबईत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आता हे रूपांतर ज्या गाडीचे आहे तीही नाही.

लाल की हिरवी, हे मात्र मला कळले. रंग काढावा लागला नाही. ठाण्याला काकांकडे गाडी नेली, त्यांनी तळ पाहिला आणि म्हणाले, “ही आधीच उघडलेली आहे.” काळ्या रंगाच्या थराखाली पुढच्या रिव्हेटच्या जागी एक स्क्रू होता, डोके सपाट घासलेले, म्हणून इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता. मागचा रिव्हेट मूळचाच. अण्णाने तळपट्टी त्याच्यावर नुसती किलकिली केली असावी. काकांनी स्क्रू सोडवला. आत टपाच्या खालच्या बाजूला कारखान्याचा रंग जसाच्या तसा होता : हिरवा. त्या हिरव्यावर सुईने कोरले होते, १३–५–७९, आणि खाली माझे नाव.

संग्राहकांना फोन करून रंग सांगितला. ते म्हणाले, “मग राहू द्या तशीच.” मी स्क्रू परत बसवला. मीटरची टाचणी या खटपटीत किंचित वाकली होती, ती चिमट्याने सरळ केली. गाडीबरोबर ठेवायला एक चिठ्ठी लिहिली, नाटकाच्या जाहिरातीत लिहितात त्या पद्धतीने : मूळ – लेस्नी, इंग्लंड, १९६५. रूपांतर – अण्णा, कुर्ला, १९७९. पुढचा स्क्रू दोन मिलिमीटरचा. उघडताना घाई करू नये.